हावोडच्या पदाला तीन माणसं लागतात

लडलो, २० डिसेंबर

इडवाल,

तू येऊ नकोस, हे सांगायला हे पत्र. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझी रीत आता मला पाठ झालीय. फोन उचलायचा आणि हूं की चूं करायचं नाही. मी इकडे बोलून बोलून घसा कोरडा करायचा आणि तू तिकडे नुसता श्वास घेत बसायचं. बहिणीशी बोलायला जीभ झडते का रे तुझी? तेव्हा कागदावरच बरं.

नॉर्मन निवृत्त झाला. जन्मभर केंटमध्ये बस चालवली, लोकांना हिंडवलं, आता म्हणतो बायकोला हिंडवीन. नाताळची सुट्टी धरून इंग्लंड-वेल्सची गाडीतून फेरी काढलीय. थर्मास, चांदीच्या कागदात गुंडाळलेली सँडविचं, आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर "पुढचा थांबा लडलो" अशी घोषणा. मागे बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने. मागे कुणी नसतं.

त्याला सांगितलंय की किल्ले बघायचेत. खरं कारण वेगळं आहे, आणि ते तुला कळायला हवं म्हणून लिहितेय, तू यावंस म्हणून नव्हे.

टी-कॉखच्या घरातून मेन्नाचा फोन आला होता. तिने फार अदबीने विचारलं, मला राग यायलाही जागा ठेवली नाही. म्हणाली, हावोडचं पद सहा वर्षं मुकं आहे. तुमच्यातलं कुणी येत नाही. शब्द विसरले जातील, मग देवाला काय सांगायचं? तुमची हरकत नसेल तर आमच्या हेलेदला शिकवते. मी म्हटलं, विचार करून सांगते. ती म्हणाली, सांगू नकोस. सहा जानेवारीला संध्याकाळी सात वाजता नांतवेनच्या चर्चमध्ये नाताळच्या पदांचं प्लिगाइन आहे. हावोडचं कुणी उठलं तर आम्ही बसून राहू. कुणी नाही उठलं तर आम्ही उठू.

पणजोबांनी रचलेलं पद, आदमापासून क्रुसापर्यंत सगळी कथा. दर नाताळात आपल्या हावोडच्या तिघांनी म्हटलेलं. आणि आता टी-कॉखवाले ते म्हणणार, ते कुणामुळे, हे मी सांगायला नको. हावोडचं शेत सांभाळायचं नाही म्हणून बाबांशी भांडलास, ग्रिम्सबीला मासळीच्या गोदामात चाकरी धरलीस, ते ठीक. पण त्या शेवटच्या वर्षी बाबा उठले, मी उठले, आणि तू बाकावर मान खाली घालून बसून राहिलास. सगळं गाव बघत होतं. बाबा पुढे उभे राहून तुझी वाट बघत राहिले, मग सूर देणारा काटा खिशात टाकून परत आले. मार्चमध्ये, कोकरांच्या दिवसांत, गेले.

मी एकटी उठून काय करू? माझा मधला आवाज. वरचा नाही, खालचा नाही, तर मधल्याला चाल तरी कुठे असते? पण ते माझं मी बघेन. सहा तारीख, सात वाजता, नांतवेन. येऊ नकोस म्हणजे येऊ नकोस. गावातल्या कुणाला तुझं तोंड बघायची हौस नाही.

आम्ही रोज नव्या गावी असू, म्हणून पत्ता देत नाही. उत्तर मागितलेलंच नाही.

मेर

ता. क. गाडीला काहीतरी आवाज येतोय. नॉर्मन म्हणतो चाकाचं बेअरिंग.

ब्रेकन, २३ डिसेंबर

इडवाल,

हे पत्र तुला पाठवायचं काही कारण नाही, पण नॉर्मन गाडी घेऊन गॅरेजात बसलाय आणि मी घरगुती खानावळीच्या खिडकीत एकटी आहे. बाहेर पाऊस आणि बर्फ यांचं मिळून जे काही पडतं ते पडतंय.

आवाज वाढलाय. वेल्सची हद्द ओलांडल्यावर जास्त. चढाला लागलो की मागच्या बाकाखालून येतो, सखल, लांबलेला. नॉर्मनने सगळं करून पाहिलं. सामान उतरवलं, सुटं चाक उतरवलं, मलाही एकदा उतरवलं आणि रिकामी गाडी चढावर चालवून पाहिली. मी नसले की येत नाही म्हणतो. तो म्हणाला तुझ्या वजनाने होत असेल, आणि त्याबद्दल मी दुपारभर त्याच्याशी अबोला धरला.

गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून खालून ठोकून पाहिली. काही नाही. पैसेही घेतले नाहीत, म्हणाला गाडी तुमच्यापेक्षा धडधाकट आहे.

प्लिगाइनचं नॉर्मनला सांगावं लागलं; इतकी वर्षं मी एकटीच माहेरी यायचे, त्याला नाताळात बस सुटायची नाही. सहा तारखेचा मुक्काम नांतवेनला का, याला किल्ल्याचा बहाणा पुरेना, तिथे किल्लाच नाही. तर म्हटलं, चर्च असतं, पाद्री उठून म्हणतो की आता प्लिगाइन खुलं आहे, आणि बसतो. मग शांतता. मग ज्या घराला वाटेल ते घर उठतं, पुढे जातं, आपलं पद म्हणतं, परत येऊन बसतं. वाजंत्री नाही. एकदा म्हटलेलं पद त्या संध्याकाळी पुन्हा कुणी म्हणायचं नाही. दुसऱ्या घराचं तर नाहीच नाही. त्याने विचारलं, कुणी नंबर पुकारत नाही? नाही. यादी? नाही. दोन घरं एकदम उठली तर? कधी उठत नाहीत. त्याने थर्मासमधला चहा ओतला. मग म्हणाला, म्हणजे जगातली सगळ्यात चांगली रांग वेल्समध्ये आहे आणि आम्हा इंग्रजांना कुणी सांगितलं नाही.

मग विचारतो, तुमच्या घरातले तिघं म्हणजे कोण कोण? मी सांगितलं. तुझं नाव घेताना आवाज चढला असेल. त्याने सँडविच पुढे केलं.

तू येणार नाहीस हे मी धरूनच चाललेय. आठवण म्हणून पुन्हा लिहिलं, इतकंच.

मेर

ॲबरिस्टविथ, २७ डिसेंबर

इडवाल,

तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू? नॉर्मनला सांगितलं तर मला डॉक्टरकडे नेईल. तू हसशील, हस. निदान फोनवर तरी हस कधी.

ते बेअरिंग नाही. बाबा आहेत.

मला लडलोच्या अलीकडेच कळलं होतं. तुला बेअरिंग म्हणून लिहिलं कारण कागदावर उतरवायची भीती वाटली. तो आपल्या पदाचा खर्ज आहे. खालची ओळ एकटी कुणी ऐकली तर चाल ओळखू येत नाही, म्हशीचं रेकणं वाटेल. पण मी त्या आवाजाच्या शेजारी उभी राहून मोठी झालेय. आणि बाबांची ती खोड तुला आठवते ना? तिसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांचा दम संपायचा, म्हणून ते एक मात्रा आधीच खाली उतरायचे. चूक होती ती. आजोबांनी डोक्यावर टपल्या मारल्या, पाद्रीने समजावलं, सुंभ जळला पण पीळ काही गेला नाही. शेवटी आपण दोघं त्यांच्या चुकीशी जुळवून घ्यायला शिकलो. गाडीतला आवाज चढावर बरोबर त्याच जागी उतरतो, इडवाल. एक मात्रा आधी.

पहिल्यांदा मी काच खाली केली, वाऱ्यात जावा म्हणून. मग वाटलं, म्हाताऱ्याला थंडी वाजेल, तर काच वर केली. माझी मती गेलीय म्हणायला हरकत नाही.

नाताळच्या दिवशी इथल्या हॉटेलात टर्की, कागदी टोप्या, सगळं यथासांग झालं. शेजारच्या टेबलावर बर्मिंगहॅमचं एक जोडपं होतं. बाई म्हणाल्या, तुमचे मिस्टर गातात किती छान. मी म्हटलं, आमचे हे? हे गात नाहीत हो, चर्चमध्येसुद्धा ओठ हलवतात नुसते. त्या म्हणाल्या, नाही कसं, सकाळी जिन्यात म्हणत होते, वेल्श होतं ना ते?

नॉर्मनला वेल्शमधलं सुप्रभातसुद्धा धड येत नाही. त्यालाही ते नवलच वाटलं.

आज सकाळी तो दाढी करत होता. नळ चालू होता, दार लोटलेलं. आणि आतून बाबा. मी पलंगाच्या कडेला बसून ऐकलं. शब्दांसकट. तिसऱ्या ओळीला एक मात्रा आधी उतरला. मी ते पद त्याच्यासमोर कधी म्हटलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरचं पद बाहेर म्हणायचं नसतं म्हणून न्हाणीघरात गुणगुणलेसुद्धा नाही.

बाहेर आला तेव्हा विचारलं, काय म्हणत होतास? म्हणाला, गाडीचा तो आवाज डोक्यात बसलाय गं, जात नाही. आणि टॉवेल शोधायला लागला.

मला भीती कशाची वाटते सांगू? बाबा का आले याची नाही. बाप मुलीच्या गाडीत बसला तर बसू दे. भीती ही, की ते पद पुरं करायला निघालेत आणि तुझी जागा मोकळी आहे. त्या दिवशी त्यांना दफन करायला नेलं तेव्हा तू भिंतीपलीकडे उभा होतास, नाकापर्यंत मफलर गुंडाळून. मी बघितलं होतं. आत ये म्हणून खूण केली नाही. तूही आला नाहीस.

गाडी पूर्वेला वळली की ते गप्प होतात.

मेर

बार्मथ, २ जानेवारी

इडवाल,

ये.

हे आधीच लिहायला हवं होतं. तीन पत्रं खर्ची घातली आणि एक अक्षर लिहिता आलं नाही. आपल्या घरात कुणाला कधी सरळ बोलता आलंय? आई जेवायला बोलावताना म्हणायची, नसेल भूक तर राहू द्या. तरी आपण धावत यायचो.

गाडीने ये, आगगाडीने ये, कसाही ये. श्रूजबरीला उतर, नॉर्मन आणायला येईल. त्याला सांगून टाकलं मी सगळं. वाटलं होतं वेड्यात काढेल. तो म्हणाला, बस चालवताना काही जण रोज बसायचे, कधी बोलायचे नाहीत, एक दिवस यायचे बंद व्हायचे, तरी मी त्यांच्या थांब्यावर गाडी हळू करायचो. तेवढंच बोलला.

तू गाऊ नकोस हवं तर. पद गेलं तर जाऊ दे टी-कॉखला, हेलेद चांगली मुलगी आहे, चांगलंच म्हणेल. पण बाबा वाटेत बसलेत रे आणि मला त्यांना एकटीने उतरवता येत नाही.

काल नववर्षाचा फोन लावला होता. एरवी तू उचलतोस तरी. या वेळी वाजून वाजून बंद झाला. रागावला असशील तर रागाव, पण ये.

मेर

नांतवेन, ७ जानेवारी

इडवाल,

तू होतास का?

मी क्रमाने सांगते, म्हणजे तुला हो किंवा नाही म्हणायला सोपं जाईल.

दुपारी हावोडवरून गेलो. लिव्हरपूलच्या लोकांनी सुट्टीचं घर केलंय. मेंढ्यांची लोकर कातरायची जागा होती तिथे गरम पाण्याचा हौद, त्यात चार माणसं टोप्या घालून वाइन पीत बसली होती. गाडीतले बाबा त्या वळणावर एकदम गप्प झाले. नॉर्मन म्हणाला, मीही झालो असतो.

चर्च गच्च भरलं होतं. मेणबत्त्या, ओले कोट, आणि त्या जुन्या शेगडीचा वास. मी आपल्याच बाकावर बसले. नॉर्मन शेजारी. दार वाजलं की मी मागे बघत होते. मेन्नाने मला बघून मान लववली, हसली नाही, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. पाद्रीने प्लिगाइन खुलं केलं. एकामागून एक घरं उठली. भाऊ-भाऊ, बाप-लेक, त्या तिघी बहिणी ज्यांना आता काठ्या लागतात. प्रत्येक पदानंतर ती शांतता. तुला आठवते ना? टी-कॉखवाले बसूनच होते. सगळे संपले तरी बसून होते. मेन्ना माझ्यासाठी थांबली होती, हे सगळ्या चर्चला कळत होतं.

तू आला नव्हतास. मी ठरवलं होतं की बसून राहायचं. आणि माझे पाय उठले. पुढे जाऊन उभी राहिले, मधल्या जागी, जिथे नेहमी उभी राहते. उजवीकडे बाबांची जागा रिकामी, डावीकडे तुझी. वाटलं, आता हसं होणार. सहा वर्षांपूर्वी बापाचं झालं, आता लेकीचं.

मग नॉर्मन उठला. कोटाची बटणं लावत आला आणि मी काही न सांगता माझ्या उजवीकडे येऊन उभा राहिला. त्याने काटा मागितला नाही. सूर लावला. बाबांचा. लोकांनी मान वर केली, कारण तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय तो विसरत नाही. मी मधला धरला. पहिलं कडवं आम्ही दोघांनीच म्हटलं आणि ते छपराशिवायचं घर वाटत होतं.

दुसऱ्या कडव्याला वरचा आवाज आला.

डावीकडून, माझ्या खांद्याच्या उंचीवरून. मी बघितलं नाही. बघितलं तर थांबेल असं वाटलं. तूच होतास, ते आदमाच्या नावावर किंचित चढून मग बरोबर सुरावर येणं तुझंच. तिसऱ्या ओळीला बाबा एक मात्रा आधी उतरले आणि तू त्यांच्यासाठी थांबलास, नेहमी थांबायचास तसा. वीसच्या वीस कडवी झाली. मी रडत नव्हते. मला फार आनंद झाला होता, खोटं का सांगू.

संपल्यावर वळले तर डावीकडे कुणी नव्हतं. दार बंद होतं.

नंतर हॉलमध्ये जेवण, हॅम आणि मनुकांचा पाव. पोस्टवाली नेली काठी टेकत आली. तिला आता दिसत नाही. म्हणाली, इडवाल आला हे फार छान झालं, पण न जेवता कुठे पळाला? मी मेन्नाकडे बघितलं. मेन्नाने मला कोपऱ्यात घेतलं, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मेरेरिद, आम्ही दोघांना बघितलं. ऐकलं तिघांना."

नॉर्मनला विचारलं, तू बघितलंस का डावीकडे? म्हणाला, मी तर माझ्या पायांकडे बघत होतो, मला एवढंच कळत होतं की मी गातोय. मग विचारलं, त्या पदाचा अर्थ काय गं?

इडवाल, तू मागून येऊन अंधारात उभा राहिला असशील आणि आम्ही वळायच्या आत निघून गेला असशील, तर ते अगदी तुला शोभेलसं आहे. तसंच झालं असेल तर मी तुला आधी झोडपीन आणि मग जेवायला घालीन. पण रात्रभर माझ्या मनात एकच घोळतंय. बाबांचा आवाज मला ऐकू येतो, कारण बाबा नाहीत. मग तुझा का ऐकू आला?

फोन अजून वाजतोय नुसता. आम्ही सकाळी निघतोय, सरळ ग्रिम्सबी. नॉर्मनने नकाशा काढलाय. हे पत्र आमच्या मागून पोहोचेल, तरी टाकते. दार उघड.

मेर

ग्रिम्सबी, ९ जानेवारी

इडवाल,

तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलेय. खुर्ची एकच आहे, म्हणून नॉर्मन उभा होता, आता खाली गेलाय.

दार शेजारच्या डोरीनने उघडलं. मी नाव सांगितलं तर तिने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, तुम्ही मेर. आम्ही सगळीकडे मेर शोधतोय. माझं पहिलं पत्र इथे टेबलावर फोडलेलं होतं, त्यावर पत्ता नाही, आडनाव नाही, नुसतं मेर. बाकीची तिने उंबऱ्यावरून उचलून फळीवर रचून ठेवलीत, बंद. दुसऱ्याचं पत्र ती फोडत नाही. मी म्हटलं फोडायला हवी होती, आणि मग म्हटलं नाही, बरोबर केलंस.

तू एकतीस तारखेला गेलास. गळ्याचं दुखणं उलटलं म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं. ती रोज जात होती. त्या दुपारी गेली तेव्हा पलंगाला पडदा लावलेला होता.

ते दुखणं तुला हावोडवर असतानाच झालं होतं, हे तिने सांगितलं. त्या वर्षी शरदात आवाज बसला तो उठलाच नाही, आणि प्लिगाइनला तू बाकावर बसून राहिलास कारण वरचा आवाज लावला असता तर चिरकला असता, बाबांचं पद त्यांच्या समोर मोडलं असतं. इथे आल्यावर डॉक्टरांनी स्वरयंत्रच कापून काढलं. सहा वर्षं तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तू ओठ हलवायचास आणि डोरीन वाचायची. फोन वाजला की धावत जायचास म्हणे, आणि तो कानाला लावून माझं सगळं बोलणं संपेपर्यंत उभा राहायचास. मी ठेवल्यावर ठेवायचास. नाताळचा दिवस त्यावरच निघायचा, म्हणाली.

का नाही कळवलंस? डोरीनला विचारलं. तिने खांदे उडवले. म्हणाली, त्याला वाटायचं, गाणाऱ्या घरात मुका भाऊ नको. मला इतका राग आलाय तुझा की काय करू कळत नाही. एक ओळ लिहायची होतीस, कुत्र्या. मी चालत आले असते.

तुझा काळा सूट कपाटाच्या दारावर टांगलेला आहे, धोब्याकडून आणलेला, कागदासकट. डोरीनला वाटलं लग्नाला जायचं असेल. तू तिला माझं पत्र दाखवून ओठांनी सांगितलंस, "बहीण म्हणते येऊ नकोस. म्हणजे जायलाच हवं." ती म्हणाली, अरे पण तिथे जाऊन करणार काय, गाता तर येत नाही. तू म्हणालास, "उभा राहीन."

तर तू उभा राहिलास. मी साक्षीला आहे, आणि सगळं नांतवेन साक्षीला आहे.

येताना गाडीत काही आवाज नव्हता. चढावरही नाही. बाबा चर्चमध्येच उतरले असावेत.

मी मघाशी मेन्नाला फोन केला. तिला म्हटलं, फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत आपली पदं म्हणता येतात, त्याच्या आत इडवालला नांतवेनला आणतेय, बाबांच्या शेजारी. खर्ज माझा नवरा धरेल. मी मधला. वरच्याला माणूस नाही. आमच्या घरात कुणी उरलं नाही. हेलेदला पाठव, मी तिला शिकवते. मेन्ना म्हणाली, एका दिवसापुरतं? मी म्हटलं नाही, कायमचं. पद दोन्ही घरांचं. तिने एवढंच विचारलं, त्या तिसऱ्या ओळीचं काय करायचं, ती जशी लिहिलीय तशी शिकवणार की तुझे वडील म्हणायचे तशी?

मी सांगितलं, ते म्हणायचे तशी.

नॉर्मनने खाली गाडी चालू करून ठेवलीय, काचेवरचं बर्फ जावं म्हणून. दवाखान्यात सही करायची आहे, मग तुझ्याजवळ बसणार आहे. सूट घेतलाय बरोबर. येते.

मेर